कल्पनेला कुंपण हवे

उद्योगात पाऊल टाकू पाहणाऱ्या होतकरू माणसापाशी पुष्कळदा भांडवल नसते. असते ती एक कल्पना. भांडवल मिळवायचे तर ती धनिकापुढे उघड करावी लागते, आणि उघड केली की ती आपली राहीलच याची शाश्वती नसते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये हाच पेच मांडला होता : माहितीचे मोल ती कळल्याखेरीज ग्राहकाला उमगत नाही, आणि कळल्यावर ती त्याला फुकटच मिळालेली असते.

या पेचात कायदा कितपत साहाय्य करतो? नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या आविष्कारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्ये स्पष्ट केले. १९७० चा पेटंट कायदा नव्या वस्तूला व प्रक्रियेला संरक्षण देतो; निव्वळ व्यवसायपद्धतीला नाही. शिवाय अर्जापूर्वीच शोध जाहीर झाला, तर पेटंट बहुधा हातचे जाते.

तथापि सारेच दरवाजे बंद नाहीत. 'झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स' या २००३ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने, विश्वासाने सांगितलेल्या मालिकेच्या कल्पनेला विश्वासभंगाच्या तत्त्वावर संरक्षण दिले. मात्र ती कल्पना मोघम नव्हती. कागदावर तपशिलाने उतरलेली होती. तेव्हा बोलण्यापूर्वी लिहावे, गुप्ततेचा करार करावा, काय सांगितले त्याची दिनांकासह लेखी नोंद ठेवावी. पेटंटयोग्य शोध असल्यास आधी 'प्रोव्हिजनल' अर्ज दाखल करावा; पूर्ण तपशील देण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात.

परंतु हा उपदेश करणे सोपे आहे. गरजू माणसाने करारपत्र पुढे करताच धनिकाने पाठ फिरवली, तर त्याने काय करावे? करार बरोबरीच्यांत शोभतो; जेथे बरोबरी नाही, तेथे कायद्यानेच दुर्बलाची बाजू सावरली पाहिजे. व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा असावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये केली. नोकरी बदलणाऱ्या कामगाराचे कसब त्याच्याच मालकीचे राहील, एवढी दक्षता घेऊन ती अमलात आणणे अगत्याचे आहे. कल्पना बोलून दाखवण्याचीच धास्ती वाटू लागली, तर तोटा एकट्या कल्पकाचा होणार नाही. जे उद्योग उभेच राहिले नाहीत, त्यांची किंमत समाजालाच मोजावी लागेल.