विश्लेषण : रानातलं रसायन कळतं, मग वर्गातलं का अडतं?

हळदीचा डाग पडलेला शर्ट साबणाने घासला की डाग लाल होतो. खळखळून धुतला की पुन्हा पिवळा. हे घरोघरी दिसतं. पण दहावीच्या पोराला ‘दर्शक म्हणजे काय?’ विचारा; तो व्याख्या धडाधड म्हणतो, शर्ट मात्र त्याला आठवत नाही. रसायनशास्त्राची खरी अडचण इथेच आहे.

२० गुणांचं गणित

दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर असतात. उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे, आणि ते शाळेच्या पातळीवरच ठरतात. जिथे नुसती प्रयोगवही उतरवून घेतली, तिथेही गुण पडतात. त्यामुळे निकालात उणीव दिसत नाही. फटका बसतो अकरावी सायन्सला, जेव्हा परीक्षानळी पहिल्यांदा हातात येते.

बोर्डो मिश्रण हाच धडा

द्राक्ष-डाळिंबवाल्यांना एक टक्का बोर्डो मिश्रण पाठ आहे : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण जमलं का, हे पाहायला घासलेला लोखंडी खिळा किंवा विळा त्यात बुडवतात. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून निवळी घाला. नाहीतर पानं करपतात.

दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया ती हीच. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते द्रावणात उतरतं आणि तांबं खिळ्यावर बसतं. चुना पुरेसा असला की द्रावणात मोकळं तांबं उरत नाही, म्हणून खिळा स्वच्छ राहतो. बाप रानात जे करतो, तेच पोरगं समीकरण म्हणून घोकतं. दोघांची गाठ वर्गात घालून द्यायला चिमूटभर मोरचूद आणि एक खिळा पुरतो.

खर्च किती?

जवळजवळ नाहीच. पानाच्या चुन्याची निवळी घ्या, नळीने त्यात हळू फुंका; ती दुधाळ होते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दिसला. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी लिंबाने गुलाबी-लाल होतं, खाण्याच्या सोड्याने हिरवट.

मात्र पथ्यं पाळायची. निवळी फुंकायची, ओढायची नाही. मोरचूद विषारी, हात धुवायचे. आम्लाचे प्रयोग शिक्षकांसमोरच, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

हे आधी झालंय

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. पुढे ते शेकडो शाळांत पोचलं. २००२ मध्ये तिथल्या सरकारने ते बंद केलं. म्हणजे साध्या सामानात काम होतं, पण वरचा पाठिंबा गेला की थांबतंही.

एकट्या शिक्षकावर खापर फोडून उपयोग नाही. भरलेला वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम आणि अपघाताची भीती त्यांच्याच डोक्यावर असते. पण आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समिती आहे, आणि तिच्यात किमान ७५ टक्के पालक असतात. बैठकीत पोषण आहार आणि बांधकामावर बोलणं होतंच. त्यात आणखी एक प्रश्न घालायला हरकत नाही : या महिन्यात पोरांनी स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला?