सुटी ठरलेली, बजेटही ठरलेलं? मग ठिकाण बदलून बघा!

"तुम्हाला काय बाई, सुट्ट्याच सुट्ट्या!" शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकीने आणि प्रत्येकाने हे वाक्य निदान एकदा तरी ऐकलेलं असतं. लग्नात, लिफ्टमध्ये, बँकेच्या रांगेत. बोलणाऱ्याला वाटतं, शिक्षक म्हणजे वर्षातून दोनदा बॅग उचलून निघालेला माणूस. खरी गंमत तुम्हाला माहीत आहे. सुटी मिळते, पण ती देशातल्या सगळ्या शाळांबरोबर, म्हणजे नेमकी तिकिटं आणि खोल्या सगळ्यात महाग असताना.

प्रवासाचे लेख वाचा. प्रत्येकात एकच सल्ला असतो: ऑफ-सीझनला जा, फेब्रुवारीत जा, सप्टेंबरात जा. फेब्रुवारीत तुम्ही सराव परीक्षेचे पेपर तपासत असता आणि सप्टेंबरात चाचणी असते. महाराष्ट्रात नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाचं महिन्याचं मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार रुपये आहे. विनाअनुदानित शाळांमध्ये तर आकडा सांगायलाही संकोच वाटतो. अशा पगारात मे महिन्याची मनाली कशी बसवायची?

म्हणून या वेळी आपण उलट्या बाजूने विचार करू. तारीख तुमच्या हातात नाही, ठीक आहे. पण ठिकाण, सुटीतला आठवडा, रस्ता आणि मुक्काम या चार गोष्टी तुमच्या हातात आहेत. तारीख घट्ट असेल, तर या चारही सैल सोडा.

दुसऱ्या राज्याची सुटी बघा

आपण सगळे एकाच वेळी सुटीवर असतो असं वाटतं, पण तसं नाही. कर्नाटकात उन्हाळी सुटी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते, तेलंगणात एप्रिलच्या शेवटी आणि महाराष्ट्रात मेच्या सुरुवातीला. दिल्लीच्या शाळा मेच्या मध्याच्या सुमारास बंद होतात आणि जूनअखेरपर्यंत बंद राहतात. पंजाब-हरियाणाची मुख्य सुटी जूनमध्ये असते.

शिमला, मनाली, नैनिताल इथली गर्दी मुख्यतः दिल्ली, पंजाब, हरियाणातून येते. म्हणजे तुम्ही बंगळुरू, हैदराबाद किंवा पुण्यात शिकवत असाल, तर हिमाचल-उत्तराखंडला जायची तुमची वेळ सुटी लागल्या लागल्या, मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत. तेव्हा उत्तरेकडची मुलं अजून शाळेत असतात. तीच सहल २५ मेला केलीत, तर त्याच खोलीला जास्त पैसे मोजाल आणि घाटात गाड्यांच्या रांगेत बसाल.

दिल्ली, गुरुग्राम, चंडीगढमध्ये शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांनी हेच उलटं करावं. जूनच्या मध्याला तमिळनाडू, कर्नाटक, केरळच्या शाळा सुरू झालेल्या असतात. उटी, कोडाईकनाल, म्हैसूर तेव्हा जरा मोकळा श्वास घेतात.

केरळात मान्सून साधारण १ जूनला पोचतो आणि मुंबईत ११ जूनच्या आसपास. ज्यांना पाऊस आवडतो त्यांच्यासाठी जूनमधलं गोवा आणि कोकण स्वस्त पडतं. पण एक लक्षात ठेवा: पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही, आणि मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या बोटीही बंद असतात. हिरवळ, नीरफणसाची कापं आणि निवांतपणा हवा असेल, तरच जा.

सुटीतला आठवडा निवडा

दिवाळीचं उदाहरण घ्या. गुजरातेत दिवाळीची सुटी साधारण तीन आठवड्यांची असते. पाडव्यापासून लाभपाचमपर्यंत अबू, दीव, सापुतारा फुलून जातं, कारण व्यापारी मंडळीही त्याच दिवसांत बाहेर पडतात. लाभपाचमला दुकानं उघडली की गर्दी उतरते, पण वडोदऱ्या-सुरतेतल्या शिक्षकाची सुटी अजून शिल्लक असते. भाऊबीज घरी निवांत साजरी करा आणि नंतर निघा. मग निघायचं तेही मंगळवारी किंवा बुधवारी. शुक्रवारी रात्री निघून रविवारी परतणं ही नोकरदारांची मजबुरी आहे. सुटीत तरी ती तुमची नको.

साठ दिवस मागे मोजा

रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं, प्रवासाचा दिवस न धरता. ५ मेची गाडी हवी असेल, तर तिकीट ६ मार्चला सकाळी ८ वाजता खुलं होतं. तेव्हा परीक्षांची धामधूम असते आणि हा दिवस हमखास विसरला जातो. फोनमध्ये आदल्या रात्रीचा गजर लावा. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून ठेवा, तत्काळ तिकिटासाठी ते लागतंच. वेटिंग लागलं तर तिकीट काढताना 'विकल्प' हा पर्याय निवडा. त्याच मार्गावरच्या दुसऱ्या गाडीत जागा असेल, तर ती मिळू शकते.

एका तिकिटात मोठा फेरा

रेल्वेचं सर्क्युलर जर्नी तिकीट फार थोड्यांना माहीत असतं. ज्या स्टेशनवरून निघालात तिथेच परत येणारा प्रवास, मध्ये जास्तीत जास्त आठ थांबे आणि सगळ्याचं मिळून एक तिकीट. अंतर वाढतं तसा किलोमीटरमागचा दर कमी होतो, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी तिकीट काढण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. ते ऑनलाइन मिळत नाही. मोठ्या स्टेशनवर किंवा विभागाच्या वाणिज्य कार्यालयात मार्ग लिहून अर्ज द्यावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं. हाताशी थोडा वेळ ठेवा.

समजा, वडोदऱ्याहून दिवाळीनंतर निघालात: उज्जैन, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर आणि अजमेर-अहमदाबाद करत परत घरी. भोपाळहून सांची आणि भीमबेटका होतं, झाशीहून ओरछा. उज्जैन आणि जयपूर या दोन्ही ठिकाणी सवाई जयसिंहांनी बांधलेल्या वेधशाळा बघायला मिळतात. पुढच्या वर्षी 'सावलीवरून वेळ कशी मोजतात' हे शिकवताना तुम्ही पुस्तकातल्या चित्राकडे बोट दाखवणार नाही, स्वतः काढलेला फोटो दाखवाल. वर्गाला तो फरक लगेच कळतो.

मुक्कामाचं गणित

समजा सहा रात्रींची सहल आणि खोली २ हजारांची. १२ हजार तिथेच गेले. त्यातल्या दोन रात्री गाडीत झोपून काढल्या, तर ४ हजार वाचले. पहाटे उतरून दुपारी पुढे जायचं असेल, तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघा. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ती ऑनलाइन बुक होते. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनची वसतिगृहं आणि गढवाल मंडल विकास निगमच्या विश्रामगृहांतल्या डॉर्मिटरी एकट्या प्रवाशाला परवडतात. धार्मिक ठिकाणी भक्तनिवास आहेतच. शेगावच्या संस्थानाची सोय ओंकारेश्वर, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपुरातही आहे.

केंद्रीय विद्यालयात असाल, तर एलटीसीचा हिशोब एकदा काढून बघा. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा देशात कुठेही जाण्याची सवलत असते आणि ती राहून गेली, तर पुढच्या ब्लॉकच्या पहिल्या वर्षातही वापरता येते. कामाच्या गडबडीत ती तशीच संपून जाते.

आणि ड्युटी लागली तर?

सगळ्यात मोठी भीती हीच. बोर्डाचे पेपर, निवडणूक, जनगणना, उन्हाळी प्रशिक्षण... परिपत्रक कधी येईल सांगता येत नाही. म्हणून शिक्षकाने परत न मिळणारं स्वस्त बुकिंग टाळावं. खोली थोडी महाग पडली तरी चालेल, पण 'फ्री कॅन्सलेशन'वाली घ्या. रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. रेल्वेचं कन्फर्म तिकीट गाडी सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करता येतं. तुमची ड्युटी लागलीच, तर निदान बहिणीला मुलांबरोबर पाठवता येईल.

शिवाय दोन ठिकाणं मनात ठेवा: एक लांबचं, आठ दिवसांचं आणि एक जवळचं, बसने होणारं तीन दिवसांचं. लांबचं हुकलं तर सुटी घरातली कपाटं आवरण्यात जाऊ नये.

शाळेचं वर्षभराचं वेळापत्रक तुमच्याकडे असेलच. आज संध्याकाळी चहा घेताना ते उघडा आणि पुढच्या सुटीच्या पहिल्या दिवसापासून ६० दिवस मागे मोजा. त्या तारखेला गोल करा. कुठे जायचं ते नंतर ठरवलं तरी चालेल. पुढच्या वेळी कोणी "सुट्ट्याच सुट्ट्या" म्हणालं, की हसून "हो ना!" म्हणायचं आणि फोटो दाखवायचे.