‘त्यात मिळतं काय?’

मंडळी, आपल्या मंडळात नवीन आलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारले जातात. नोकरी कुठे, घर कुठे आणि मुलं कुठल्या शाळेत? थोडी ओळख वाढली की चौथा येतो. वीकेंडला काय करता? आता या चौथ्याचं माझं खरं उत्तर असं आहे की गेला हिवाळाभर दर शनिवारी सकाळी मी आणि माझी तेरा वर्षांची लेक संगणकावर विमान उडवत स्कॉटलंडच्या उत्तरेकडची बेटं हिंडत होतो. ऑर्कनी, फेअर आयल, शेटलंड. हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी हसू येतं, मग थोडी काळजी (“बरा आहे ना हा?”), आणि मग तो ठरलेला प्रश्न येतोच: “पण त्यात मिळतं काय?”

हा लेख त्या प्रश्नाच्या विरुद्ध आहे. उत्तर देण्यासाठी नाही, भांडण्यासाठी लिहिलाय. संपादकांनी कात्री जरा बेताने चालवावी ही विनंती!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे धडाधड गोळ्या झाडण्याचा गेम नव्हे. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली आला, तेव्हा पडद्यावर चार रेघा म्हणजे डोंगर आणि दोन रेघा म्हणजे धावपट्टी. २०२० सालच्या आवृत्तीपासून सगळी पृथ्वीच उपग्रहाच्या आणि विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून उभी केलेली असते, आणि हवामानही त्या क्षणी तिथे असेल त्याच्या बरंच जवळचं. खर्च परवडत नसेल तर ‘फ्लाइटगिअर’ नावाचा चकटफू पर्यायही आहे. तेव्हा “श्रीमंतांचे चोचले” हा आक्षेप आधीच बाद.

आता आपल्या ‘खऱ्या’ पर्यटनाबद्दल बोलू या का? आपल्याकडे देश ‘पाहत’ नाहीत, देश ‘होतात’. “स्कॉटलंड झालं का तुमचं?” “हो, मागच्या ईस्टरला झालं.” झालं म्हणजे काय? एडिंबराचा किल्ला, लॉक नेसला तो प्राणी न दिसणं, स्कायला पाऊस, आणि या सगळ्यातून कोचमध्ये फिरणारा चिवडा आणि थेपले. चार दिवसांत तीनशे फोटो. त्यात वाईट काही नाही, मीही अशा सहलींना आलोय आणि अंताक्षरीत बेसूर गायलोय. पण त्या सहलीहून परतलेल्या मुलाला कोरा नकाशा देऊन विचारा, इन्व्हरनेस कुठल्या समुद्राला लागून आहे? “त्यात मिळालं काय” हे तेव्हा कुणी विचारत नाही, कारण पैसे खर्च झालेले असतात आणि फोटो आलेले असतात.

आम्ही निघालो विकहून, म्हणजे मुख्य भूमीच्या उत्तर टोकाजवळून. विमान निवडलं ब्रिटन-नॉर्मन आयलँडर. दोन इंजिनं, वर पंख, न मिटणारी चाकं, दिसायला आपल्या जुन्या मॅटाडोरसारखं. १९६५ साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान आजही या बेटांची एसटी आहे. पेंटलंड फर्थची सामुद्रधुनी ओलांडली की स्कापा फ्लो लागतो. पहिल्या महायुद्धानंतर, २१ जून १९१९ रोजी, अडकवून ठेवलेलं जर्मन आरमार त्यांच्याच अधिकाऱ्यांनी इथे बुडवलं. मग कर्कवॉल. तिथून ईडे, जिथल्या विमानतळाला चक्क ‘लंडन एअरपोर्ट’ म्हणतात, कारण शेजारच्या खाडीचं नाव ‘बे ऑफ लंडन’ आहे! लेकीने लगेच ठरवलं की शाळेत सांगायचं, “शनिवारी आम्ही लंडन एअरपोर्टला उतरलो.” खोटं काहीच नाही त्यात.

आणि मग वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानफेरी, लोगनएअरने १९६७ साली सुरू केलेली. अंतर २.७ किलोमीटर, म्हणजे एडिंबरा विमानतळाच्या धावपट्टीपेक्षा जेमतेम जास्त. वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने निवृत्त होईपर्यंत हा मार्ग बारा हजारांहून जास्त वेळा उडवला. आपण म्हणाल, दोन मिनिटांत कसली मजा? अहो, त्या दोन मिनिटांसाठी आमची पाऊण तास तयारी चालायची!

ती तयारी ऐकाच. पापा वेस्ट्रेची मुख्य धावपट्टी ईशान्य-नैऋत्य, म्हणजे ४० अंशांच्या दिशेला, आणि आखूड. समजा वारा ७० अंशांवरून ३० नॉटचा आहे. फरक ३० अंशांचा. साइन ३० म्हणजे अर्धा, म्हणून आडवा वारा १५ नॉट. विमानाचं नाक थोडं वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखं तिरकं जायचं आणि टेकायच्या आधी सरळ करायचं. हीच साइन-कॉस लेकीला ट्यूशनच्या बाई सहा महिने शिकवत होत्या, आणि ती विचारत होती की याचा उपयोग काय. वाऱ्याने दोनदा शेतात नेऊन टाकल्यावर हा प्रश्न तिने परत विचारला नाही. ट्यूशनला आम्ही महिन्याला किती देतो ते लिहीत नाही, बायको हा अंक वाचते.

तिथून पुढे नॉर्थ रोनाल्डसे. जमिनीवर बांधलेलं ब्रिटनमधलं सगळ्यात उंच दीपगृह इथे आहे, ४२ मीटरचं, १८५२ सालचं. पण मला भुलवलं ते मेंढ्यांनी. १८३२ साली बेटकऱ्यांनी अख्ख्या बेटाभोवती दगडी गडगा घातला. हो, कोकणातल्यासारखाच गडगा, मातीचुन्याशिवाय दगडावर दगड. फरक इतकाच की आपला गडगा ढोरं आत येऊ नयेत म्हणून वाडीभोवती असतो, इथे मेंढ्यांनाच समुद्राच्या बाजूला ठेवलंय. आतलं गवत गुरांना आणि व्यायला आलेल्या मेंढ्यांना. बाकीच्यांनी किनाऱ्यावरचं शेवाळ खायचं. आणि त्या शेवाळावर जगतात! ते शेवाळ सिम्युलेटरमध्ये दिसत नाही. पण बेटावर घिरट्या घालताना “ही भिंत कसली?” असा प्रश्न पडला म्हणून दोघांनी मिळून शोधलं. कोचमधून जाताना असा प्रश्न पडायला वेळ नसतो, पुढच्या स्टॉपला चहा असतो.

शेटलंडकडे निघताना लेकीने एक फार चांगला प्रश्न विचारला. “बाबा, आपण इतका वेळ का उडतोय? नकाशात तर शेटलंड इथेच आहे, इन्व्हरनेसच्या बाजूला चौकटीत.” वर्षानुवर्षं छापील नकाशांत शेटलंडला उचलून एका चौकटीत कोंबलं जायचं, कारण खऱ्या जागी दाखवलं तर कागद समुद्रातच जातो. बेटकरी याला इतके वैतागले की २०१८ च्या स्कॉटलंडच्या बेटविषयक कायद्यात सरकारी नकाशांनी शेटलंड योग्य जागीच दाखवावं, नाहीतर कारण द्यावं, असं कलम घालण्यात आलं. सिम्युलेटरला चौकट माहीत नाही. मध्ये फेअर आयल सोडलं तर फक्त पाणी, आणि त्या पाण्यावर तुमचं घड्याळ चालतं तेवढाच वेळ उडावं लागतं. लरविकहून नॉर्वेतलं बर्गन साधारण ॲबर्डीनइतकंच दूर आहे, हे वाक्य वाचणं वेगळं आणि ते अंतर कंटाळून कापणं वेगळं.

आणि नॉर्वेचा विषय निघालाच आहे तर ही बेटं स्कॉटलंडकडे आली कशी? हुंड्यात!! डेन्मार्क-नॉर्वेचा राजा ख्रिश्चन पहिला याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली. हुंडा ठरला ६०,000 फ्लोरिनचा. त्यातले दहा हजार रोख आणि पन्नास हजारांपोटी १४६८ साली ऑर्कनी गहाण. रोख दहा हजारही जमले नाहीत, जेमतेम दोन हजार दिले. उरलेल्या आठ हजारांपोटी १४६९ मध्ये शेटलंड गहाण. गहाण काही सुटलं नाही आणि १४७२ साली स्कॉटलंडने बेटं ताब्यात घेतली. नवरी लग्नाच्या वेळी साधारण तेरा वर्षांची होती. माझी लेक हे ऐकून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “आणि तिला कुणी विचारलं?” इतिहासाच्या तासाला हा प्रश्न तिला पडला असता का, मला शंका आहे.

आता खऱ्या भांडणाकडे येतो. गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात, फराळाच्या रांगेत, आपल्यापैकीच एका सद्गृहस्थांना मी पापा वेस्ट्रेची गोष्ट सांगत होतो. त्यांचं म्हणणं, “नव्वद माणसांसाठी विमान? आपल्या टॅक्सच्या पैशांतून? त्यातून सरकारला मिळतं काय?” बघा, प्रश्न तोच! माझ्या छंदाला जी फूटपट्टी तीच त्या माणसांना. माझा सगळा राग त्या फूटपट्टीवर आहे.

पापा वेस्ट्रेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९० होती, नॉर्थ रोनाल्डसेची ७२. या विमानांतून फिरतीचे शिक्षक जातात, डॉक्टर जातात, आजारी माणसं कर्कवॉलला येतात. तोटा ऑर्कनीची कौन्सिल सार्वजनिक सेवा म्हणून सोसते. नफ्याच्या हिशेबात हे बसत नाही हे मलाही कळतं, मी पोटापाण्यासाठी कंपन्यांना खर्च कसा वाचवायचा हेच सांगतो. पण सेवा नसली की काय होतं त्याचं उदाहरणही याच देशात आहे. पश्चिमेकडचं सेंट किल्डा. हिवाळ्यात महिनोन्महिने संपर्क नाही, तरुण निघून गेले, आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसं स्वतः विनंती करून बेट कायमचं सोडून गेली. पेंटलंड फर्थमधल्या स्ट्रोमावरून आम्ही विकहून निघताना उडालो. खाली घरं दिसली, छपरं पडलेली. तिथली शेवटची कुटुंबं १९६२ च्या सुमारास गेली. पापा वेस्ट्रेवर मात्र ‘नॅप ऑफ हाउवर’ नावाची दगडी घरं आहेत, पाच हजार वर्षांपेक्षा जुनी. इतकी वर्षं माणूस जिथे राहिला तिथून तो आता परवडत नाही म्हणून हलवायचा? माझं आजोळ कोकणात बंदरावरचं. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की मुंबईचं पत्रसुद्धा कसं लांबायचं ते आजी सांगायची. त्या गावच्या माणसाने तरी दुसऱ्याच्या बोटीचा हिशेब मागू नये असं मला वाटतं.

“इतकं प्रेम आहे तर खरंच जाऊन या की!” हा शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात बरा. सिम्युलेटर सगळं खरं दाखवतो असा माझा दावा नाही. झाडांचं दुर्भिक्ष असलेल्या शेटलंडात तो खुशाल झाडं लावतो, दगडी घरांच्या जागी लंडनच्या उपनगरातली विटांची घरं उभी करतो. फूलाचा ३७६ मीटरचा कडा आमच्या पडद्यावर वितळलेल्या कुल्फीसारखा दिसला. फूलाचे लोक जुन्या पंचांगाप्रमाणे ६ जानेवारीला नाताळ करतात, ते विमानातून कसं दिसणार? आणि वारा अंगाला लागत नाही, हे तर सगळ्यात मोठं न्यून. पण एका शनिवारी फेअर आयलवर खरोखरचं धुकं होतं, म्हणून आमच्याही पडद्यावर धुकं. तीनदा खाली आलो, तीनदा काही दिसलं नाही, परत फिरलो. लेक चिडली. मी म्हटलं, आत्ता तिथे कुणीतरी खरंच सामान बांधून विमानाची वाट बघत बसलं असेल. त्यानंतर ती रोज सकाळी शाळेत जाण्याआधी फेअर आयलचं हवामान बघू लागली. तिथे तिचं कोणीही नाही.

येत्या जूनमध्ये आम्ही जाणार आहोत. मार्ग लेकीने आखलाय, नॉर्थ रोनाल्डसेला दोन रात्री, डिस्नेलँड रद्द. तोवर कार्यकारिणीला एक विनंती. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात फॅन्सी ड्रेस आणि जेवण यांच्या मधल्या वेळात मला एक टेबल, एक प्रोजेक्टर आणि वीस मिनिटं द्यावीत. जॉयस्टिक मी आणीन. ते फराळाच्या रांगेतले सद्गृहस्थ पहिले वैमानिक, त्यांचं नाव मी आत्ताच लिहून ठेवलंय. वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रे, आडवा वारा १५ नॉट.