घेताना जहाजं, देताना समिती

साम्राज्यं बुडाली, पण त्यांच्या नावानं गळा काढणारे काही बुडत नाहीत. आता त्यांनी जर-तरचा इतिहास लिहायचा धंदा काढलाय. म्हणे, साम्राज्य परत आलं असतं तर! म्हणे, हैती बघा. स्वातंत्र्य घेतलं अन् कटोरा हाती आला. फ्रेंच राहिले असते तर रस्ते असते, शिस्त असती.

मी म्हणतो, थांबा. तुमचा हा 'जर' तारीखवार घडून गेलाय. तुम्हाला तो वाचायचा नाही, एवढंच.

१७९१ साली सँ-दोमँगच्या उसाच्या मळ्यांतले गुलाम उठले. १७९४ ला पॅरिसला गुलामी रद्द करावी लागली. कुणी उपकार नाही केला. मग नेपोलियन आला. १८०२ मध्ये त्यानं धाडलेला त्याचा मेव्हणा लक्लेर फौज घेऊन उतरला. तोंडात समतेची भाषा, पोटात साखळदंड. टूसाँ लुव्हेर्त्यूरला बोलणी करायला बोलावून दगा देऊन धरलं. एप्रिल १८०३ मध्ये तो फ्रान्समधल्या गारठलेल्या किल्ल्यात मेला.

त्याच १८०२ मध्ये पलीकडच्या ग्वादेलूपमध्ये साम्राज्य जिंकलं. देलग्रेस अन् त्याचे साथी वेढ्यात सापडले. शरण जाण्यापेक्षा त्यांनी दारूगोळ्याला बत्ती दिली. अन् कालचा मोकळा माणूस पुन्हा मालमत्तेच्या यादीत गेला. तो थेट १८४८ पर्यंत. ४६ वर्षं! मोकळं जन्मलेलं पोर गुलामीत म्हातारं झालं. 'राहिले असते तर' म्हणजे हे.

ही बातमी सँ-दोमँगला पोचली अन् लक्लेरच्या बाजूला गेलेलेसुद्धा उलटले. लक्लेरनं नेपोलियनला कळवलं की डोंगरातले बारा वर्षांवरचे सगळे काळे, बाया अन् पुरुष, संपवावे लागतील. हीच ना तुमची शिस्त? तो पीतज्वरानं मेला. नोव्हेंबर १८०३ मध्ये व्हर्तियेरला फौज हरली. १ जानेवारी १८०४ ला देसालिननं स्वातंत्र्य पुकारलं.

तरी साम्राज्य परत आलंच. १८२५ साली, चौदा लढाऊ जहाजं घेऊन. या खेपेला हातात बिल होतं : १५ कोटी फ्रँक. मालकांचं नुकसान झालं म्हणून! ज्याची पाठ सोलली त्यानंच चाबकाचे पैसे भरायचे. पहिल्या हप्त्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटी काढले, हातात पडले २ कोटी ४० लाख. आधी कापून घेऊन मग मोजणारा सावकार आपल्याला का ठाऊक नाही? १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणली, पण कर्जाचं शेपूट विसाव्या शतकापर्यंत वळवळत राहिलं.

हैतीचे राज्यकर्ते धुतल्या तांदळाचे होते असं मी म्हणत नाही. १८२६ साली बॉयेनं कायदा करून शेतमजूर पुन्हा मळ्याला बांधला. पण त्याच्या मानेवर बिल कुणाचं होतं, तेही बोला की.

आता माझा जर ऐका. ते बिल आलंच नसतं तर? त्या पैशात किती शाळा, किती रस्ते? हा जर-तर तुमच्यापैकी कुणी लिहीत नाही. २००३ साली आरिस्तीदनं पैसे परत मागितले. पैसे मिळाले नाहीत. २०२५ साली, बिलाला दोनशे वर्षं भरली त्या दिवशी, फ्रान्सनं इतिहासकारांची समिती जाहीर केली.

घेताना जहाजं, देताना समिती. हा इतिहास जर-तरचा नाही.