‘सेबीचा आदेश’ व्हायरल झालाय? मूळ कागद कुठे आणि कसा पाहायचा

‘सेबीने अमुक कंपनीवर बंदी घातली’ असा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतो आणि घाबरलेले लोक शेअर विकून मोकळे होतात. मूळ आदेश मात्र सेबीच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतो. तो कुठे शोधायचा, एवढंच माहीत हवं.

कोणता कागद कुठे मिळतो?

सेबीच्या वेबसाइटवर ‘एन्फोर्समेंट’ विभागात आदेश असतात, ‘लीगल’मध्ये नियम आणि परिपत्रकं, तर ‘फाइलिंग्ज’मध्ये आयपीओचे मसुदे. सुटी परिपत्रकं चाळण्यापेक्षा आधी त्या विषयाचं ‘मास्टर सर्क्युलर’ पाहावं. त्यात तोवरच्या सूचना एकत्र केलेल्या असतात. कंपनी कायदा, २०१३ आणि सेबी कायदा, १९९२ सरकारच्या ‘इंडिया कोड’ या वेबसाइटवर मिळतात.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे निकाल आणि घोषणा बीएसई, एनएसईवर दिसतात. नोंद नसलेल्या कंपनीची प्राथमिक माहिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मोफत मिळते. तिथले ताळेबंद पाहायला मात्र शुल्क पडतं.

कागद वाचल्याने काय होतं?

सहारा प्रकरण सुरू झालं ते अशाच एका कागदावरून. ‘सहारा प्राइम सिटी’ने २००९मध्ये आयपीओचा मसुदा दाखल केला. समूहातल्या दुसऱ्या दोन कंपन्या डिबेंचरद्वारे लोकांकडून पैसे गोळा करत असल्याचं त्यातून सेबीच्या लक्षात आलं.

नोव्हेंबर २०१०मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढला. डिसेंबरमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि एप्रिल २०११मध्ये ती उठवली. जून २०११मध्ये सेबीचा अंतिम आदेश आला. ऑक्टोबरमध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे ‘सॅट’ने, तो कायम ठेवला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुंतवणूकदारांचे पैसे १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितलं.

म्हणजे डिसेंबर २०१०मध्ये कुणी नोव्हेंबरचा आदेश पुढे पाठवला असता, तर कागद अस्सल असूनही माहिती शिळी ठरली असती.

पुढे पाठवण्याआधी काय तपासायचं?

आदेश अंतरिम आहे की अंतिम? अंतरिम आदेश काही वेळा समोरच्याची बाजू ऐकण्याआधीच निघतो. त्यानंतर ‘सॅट’ किंवा सर्वोच्च न्यायालयात काय झालं, तेही पाहावं.

कंपनी नेमकी तीच आहे का? सारख्या नावांच्या कंपन्या असतात, म्हणून २१ अक्षरी-अंकी ‘सीआयएन’ क्रमांक जुळवावा. त्याची सुरुवात ‘एल’ने असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ने असेल तर नोंद नसलेली.

एक अडचण उरतेच. हे आदेश इंग्रजीत आणि बरेचदा लांबलचक असतात. अशा वेळी आधी शेवटची पानं वाचावीत. कुणाला, काय आणि किती काळासाठी मनाई केली आहे, हे साधारणपणे तिथेच लिहिलेलं असतं.