प्रतिसरकारचे दप्तर

वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह अनेक जण धारातीर्थी पडले आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरातही तोच प्रकार घडला. तेव्हापासून सातारा जिल्ह्यातील चळवळ सत्याग्रहाची वाट सोडून भूमिगत होत गेली, व क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचा इतिहास लिहिणारे बहुधा शेणोलीजवळच्या रेल्वेलुटीपाशी रेंगाळतात. रोमहर्षक प्रसंगांचा मोह कोणाला नसतो! परंतु सरकारी कोर्टाकडे पाठ फिरवून रयतेने आपले तंटे ज्या न्यायमंडळांपुढे नेले, त्यांचा कारभार, आणि कुंडलसारखे गाव औंध संस्थानच्या हद्दीत असल्यामुळे ब्रिटिश पोलिसांची झालेली अडचण, हे विषय मला अधिक मोलाचे वाटतात. प्रतिसरकारच्या शिक्षेत तळपायांवर काठ्या खाणाऱ्यांत सारेच दरोडेखोर वा खबरे होते काय, हाही प्रश्न संशोधकाने निःसंकोच विचारावा. असे विचारल्याने हुतात्म्यांचा अवमान होत नाही. पोलिसी अहवालांत केवळ गुन्हे सापडतील, गौरवग्रंथांत केवळ पराक्रम. म्हणून वाळवा-तासगावकडील घराघरांतल्या पेट्यांत पडलेली जुनी पत्रे आणि निवाड्यांचे कागद वाळवीच्या आधी अभ्यासकाच्या हाती पडावेत.