नापास मास्तरांची भुतं

दोस्तांनो, गेल्या रविवारी एका भुतानं आमच्या घरातल्या एका शूर मुलीला रडवलं!

झालं असं, की माझी भाची दहावीत आहे. सराव परीक्षेत गणितानं तिला दगा दिला होता आणि घरात सगळे दबक्या आवाजात बोलत होते. म्हणून मी तिला 'अ चायनीज घोस्ट स्टोरी' हा १९८७ सालचा हाँगकाँगचा चित्रपट दाखवायला बसवलं. पहिला अर्धा तास बाईसाहेब खो खो हसत होत्या. "मामा, उडताना बघ कशी! तार बांधलीय, तार!" आणि शेवटी? चश्मा काढून डोळे पुसत होती. मग माझ्यावरच उखडली, "भुतासाठी कोणी रडतं का?"

रडतं बरं का! हाँगकाँगच्या अशा चित्रपटांची सगळी गंमत त्यातच आहे.

गोष्ट तशी साधी. निंग नावाचा एक गरीब, भोळसट तरुण गावोगाव फिरून वसुलीचं काम करतो. बूट फाटलेले, वर धो धो पाऊस. पावसात त्याची वही भिजते, आकडे पुसले जातात, मग पैसे कोण देणार? धर्मशाळेला द्यायला दमडी नाही, म्हणून तो रात्री रानातल्या एका ओसाड मठात मुक्काम करतो. तिथं त्याला वीणेसारखं वाद्य वाजवणारी एक सुंदर मुलगी भेटते, श्याओछ्येन. ती भूत आहे! एका झाडातल्या जख्ख राक्षसिणीच्या ताब्यात ती अडकलेली असते. वाटसरूंना भुलवून आणायचं, मग राक्षसीण आपल्या लांबच लांब जिभेनं त्यांचा जीव शोषून घेणार. (पालकांसाठी: ही जीभ खरोखर किळसवाणी आहे. सातवी-आठवीच्या आतल्यांना दाखवू नका.)

निंगला तलवार धरता येत नाही. माळ्यावरचे सांगाडे त्याला खायला टपलेले असतात, पण हा खिडकी उघडतो, ऊन आत येतं, सांगाडे खलास, आणि याला त्याचा पत्ताच नाही! तरी त्याच्याकडे एक गोष्ट आहे. ही मुलगी संकटात आहे एवढंच त्याला दिसतं, आणि तो तिच्या मदतीला धावतो. इतके जण आले आणि मेले; याला मात्र मारायला तिचा हात होत नाही. राक्षसीण येते तेव्हा ती त्याला चक्क आंघोळीच्या पिंपात लपवते.

आता भाचीला मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. ही गोष्ट मुळात हाँगकाँगची नाहीच. ती लिहिली चीनमधल्या शानतुंग प्रांतातल्या एका मास्तरांनी. त्यांचं नाव पू सोंगलिंग. जन्म १६४०, मृत्यू १७१५. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज होते, त्याच काळातले. त्या वेळी चीनमध्ये सरकारी अधिकारी व्हायचं तर परीक्षांच्या पायऱ्या चढाव्या लागत. १६५८ साली पू पहिल्या पायरीच्या परीक्षांत पहिले आले. सगळ्यांना वाटलं, पोरगा नाव काढणार. पुढची प्रांताची परीक्षा सहसा तीन वर्षांनी एकदा होई. प्रत्येक उमेदवाराला एक कोंदट कप्पा. तिथंच लिहायचं, तिथंच खायचं, तिथंच झोपायचं. या परीक्षेत पू नापास झाले. पुन्हा बसले, पुन्हा नापास. केस पांढरे होईपर्यंत हेच चाललं! एका श्रीमंत घराण्याच्या मुलांना शिकवत त्यांनी तीसएक वर्षं बायकामुलांपासून लांब काढली. सत्तरी उलटल्यावर सरकारनं त्यांना ज्येष्ठतेमुळे एक मानाची पदवी दिली. परीक्षेत पास होऊन नव्हे.

रात्री मुलांचे धडे संपले, की मास्तर भुतांच्या गोष्टी लिहीत. जवळजवळ पाचशे! रस्त्यावर चहा मांडून ते येणाऱ्याजाणाऱ्याकडून गोष्टी गोळा करायचे, अशी एक आख्यायिका आहे. मला काही ती पटत नाही. शिकवण्या करणाऱ्या माणसाला एवढी फुरसत कुठली? त्यांच्या हयातीत हे पुस्तक फक्त हातानं उतरवून वाचलं गेलं. छापलं गेलं ते १७६६ साली, ते वारल्यावर पन्नास वर्षांनी.

आता त्या गोष्टी वाचताना एक लक्षात येतं. भूत भेटतं कुणाला? पुष्कळदा एखाद्या गरीब विद्यार्थ्याला! घरापासून दूर, एकटा, दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेला. श्याओछ्येनच्या मूळ गोष्टीत माणसं त्या ओसाड मठात का राहतात, ठाऊक आहे? शहरात परीक्षा घेणारे साहेब आलेले असतात, त्यामुळे खोल्यांची भाडी वाढलेली असतात! हे असलं बारकाव्यानं कोण लिहील? ज्यानं ती भाडी स्वतः मोजली, तोच ना. त्याच मठात परीक्षेला आलेला आणखी एक विद्यार्थी उतरतो आणि सकाळी मेलेला सापडतो. तळपायाला सुईच्या टोकाएवढं भोक! मुलीनं निंगलाही सोन्याची लगड देऊ केलेली असते, पण त्यानं ती बाहेर भिरकावून दिलेली असते. नंतर कळतं की ते सोनं नव्हतंच, राक्षसाचं हाड होतं. ठेवून घेणाऱ्याचं काळीज जायचं.

आणि हे 'राक्षस' मी मराठीत सांगताना घातलेलं नाही हं! चिनी पुस्तकात तोच शब्द आहे, फक्त उच्चार 'लुओछा' असा. बौद्ध ग्रंथांबरोबर तो आपल्याकडून तिकडे गेला. मठाचं नाव 'लानरुओ', म्हणजे संस्कृतातलं 'अरण्य'! चित्रपटातला दाढीवाला तलवारबहाद्दर येन भुतांवर ओरडतो तो मंत्रसुद्धा 'प्रज्ञापारमिता' या शब्दाचं चिनी रूप आहे.

बरं, तारेचं काय? भाचीचं बरोबर होतं, तार असतेच. कपड्यांच्या आत पट्टा, पट्ट्याला पोलादी तार, तार वर कप्पीवरून गेलेली आणि दुसऱ्या टोकाला ओढणारी माणसं. ओढणाऱ्यांचा ताल चुकला की नटी झाडावर आदळलीच. तार लपवायला धूर आणि निळसर अंधार. लांब बाह्या फडफडायला पंखे. दिग्दर्शक छिंग स्यू-तुंग हे या कामातले उस्ताद. आपल्या 'क्रिश' चित्रपटातल्या (२००६) उड्या आणि मारामाऱ्याही त्यांनीच बसवल्या होत्या.

शेवट सांगू? ज्यांनी चित्रपट पाहायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा. सूर्य उगवतो. ऊन लागलं तर श्याओछ्येन कायमची नष्ट होईल. म्हणून निंग उजेडाची वाट आपल्या अंगानं अडवून धरतो. पण मग मागे वळणार कसा? ती जाते, आणि त्याला तिला शेवटचं बघताही येत नाही. चश्मा निघाला तो इथंच.

मास्तरांनी मात्र शेवट असा केलेला नाही. त्यांचा निंग तिच्या अस्थी घरी नेऊन पुरतो, आणि ती मागोमाग त्याच्या घरी येते. आई घाबरते, भूत घरात कसं ठेवायचं? पोरगी बिचारी पहाटे उठून सासूबाईंना, म्हणजे तेव्हा अजून सासूबाई नसलेल्यांना, तोंड धुवायला पाणी देते, घरातलं सगळं काम उरकते, आणि संध्याकाळी निंगच्या खोलीत दिव्याजवळ पोथी वाचत बसते. तिला खाणंपिणं लागत नाही. सहा महिन्यांनी ती हळूहळू पातळ पेज प्यायला लागते. पुढे लग्न, मुलगा, सगळं होतं. निंग सर्वांत वरची परीक्षाही पास होतो. मास्तरांनी त्याला बरोब्बर पास केलंय!

हे ऐकून भाची जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, त्या मास्तरांना गणित होतं का रे परीक्षेला?"

मुख्यतः निबंध होते, मी म्हटलं. ती उठली आणि गणिताची वही घेऊन आली.